नवे ब्रेक मुरवावे लागतात

स्वयंपाकघरांत नवा बिडाचा तवा आला म्हणजे जाणती गृहिणी त्यावर त्याच दिवशीं घावन घालीत नाहीं. ती प्रथम तो स्वच्छ घासून त्यावरचें कारखान्यांतलें तेल काढून टाकते. मग मंद आंचेवर तापवते, तेलाचा बोळा फिरवते, निवूं देते आणि पुन्हां तापवते. कोणी अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोचून तव्यावर फिरवतात. असें चार-सहा वेळां झालें म्हणजे तव्यावर एक काळें, गुळगुळीत, चिवट पूट चढतें, आणि मग त्यावरून घावन अलगद सुटून येतें. घाई करून पहिल्याच दिवशीं भडक आंचेवर पीठ ओतलें, तर तें चिकटतें, जळतें, आणि त्याचे डाग पुढें कित्येक दिवस तव्यावरून जात नाहींत.

आज मला बोलावयाचें आहे तें मोटारीच्या ब्रेकांविषयीं. परंतु आरंभीं तव्याची आठवण केली ती उगाच नव्हे. आपल्या मोटारीच्या पुढच्या चाकांत जी तबकडी फिरत असते, जिला गॅरेजमधील कारागीर ‘डिस्क’ म्हणतो, ती सामान्यतः तव्याप्रमाणेंच बिडाची असते, आणि तिलाही तव्याप्रमाणेंच मुरवून घ्यावें लागतें. तवा बिघडला तर एक न्याहारी बिघडते. ब्रेक बिघडला तर काय होतें, हें सांगावयास नको.

हा धडा मी स्वतः चुकूनच शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याहून सहकुटुंब अलिबागेस जावयाचें ठरलें. ब्रेकचे पॅड झिजले आहेत असें कळल्यावरून निघण्याच्या आदल्या सायंकाळीं मीं पुढच्या दोन्ही तबकड्या व त्यांचे चारही पॅड नवे घालून घेतले, आणि आतां काळजी मिटली अशा समाधानानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी बाहेर काढली. लोणावळा मागें टाकून बोरघाट उतरूं लागलों. पुढें मालमोटारींची रांग होती, म्हणून पाय सारखा पेडलवरच होता. अर्ध्या घाटांत कांहीं जळल्याचा उग्र वास येऊं लागला. मागच्या आसनावरून आईनें विचारलें, “अरे, काय जळतंय?” पेडलवर नेहमीइतका जोर देऊनही गाडी नेहमीसारखी आवरेना. घाबरून सर्व बळानें पेडल दाबलें, तेव्हां ती कशीबशी आवरली. खोपोलीस पोंचून अर्धा तास थांबलों. ब्रेक निवले आणि पुढें कांहीं विपरीत घडलें नाहीं. परंतु त्या दिवसापासून ताशीं ८० किलोमीटरच्या वेगांत ब्रेक लावला कीं स्टिअरिंग हातांत थरथरूं लागे. मीं तो दोष नव्या मालाला दिला. एका वृद्ध कारागिरानें तबकडीवरचे काळसर डाग बोटानें दाखवून मला शांतपणें विचारलें, “साहेब, नवे ब्रेक घातल्यावर ते नीट बसूं दिलेत का? का थेट घाटांत घातलेत?” त्याच्या या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच आजचें भाषण होय.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमकें काय करतो? गाडीच्या अंगीं गतीमुळें जी शक्ति आलेली असते ती तो उष्णतेंत पालटतो. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें ४ लक्ष ६३ हजार जूल इतकी शक्ति असते. ती गाडी एकदां पुरती थांबवली असतां जी उष्णता उत्पन्न होते, तिनें सुमारें दीड लिटर थंड पाणी उकळीला आणतां येईल. चुलीवर ज्या कामाला कित्येक मिनिटें लागतात, तें येथें चार-पांच सेकंदांत उरकतें. वेग निम्मा केला तर ही शक्ति निम्मी होत नाहीं, चौथाई होते, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां घाटाचा हिशेब पाहा. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारें साडेपांचशें मीटर खालीं उतरतो. तेवढ्या उतारांत तीच मोटार सुमारें ६५ लक्ष जूल शक्ति सोडते, म्हणजे ताशीं १०० किलोमीटरवरून चौदा वेळां थांबण्याइतकी. यांतील कांहीं भाग हवेचा विरोध घेतो, कांहीं इंजिन घेतें. परंतु वरच्या गिअरांत गाडी ठेवून जो केवळ पेडलच्या भरंवशावर घाट उतरतो, तो उरलेला सारा भार ब्रेकांवर, आणि त्यांतही मुख्यतः पुढच्या तबकड्यांवर टाकतो. जुने, मुरलेले ब्रेक हा भार पुष्कळ वेळां सोसतात. कालचे नवे ब्रेक तो सोसतीलच असें नाहीं. कां, तें समजण्यासाठीं तबकडी व पॅड यांची ओळख करून घेतली पाहिजे.

तबकडी चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो, आणि पेडल दाबलें कीं तेलाच्या दाबानें कॅलिपर हे दोन पॅड तबकडीवर चिमट्यासारखे आवळतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर दाबून बसवलेलें एक मिश्रण होय. त्यांत तंतु असतात, धातूंची पूड असते, ग्रॅफाइट असतें, कांहीं खरखरीत द्रव्यें असतात. आणि हें सारें फिनॉलपासून केलेल्या एका कृत्रिम राळेनें एकत्र बांधलेलें असतें.

ही योजना अगदीं नवी नव्हे. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड यांनीं १८९७ सालीं घोडागाड्यांसाठीं सुधारलेले ब्रेकचे ठोकळे करण्यास आरंभ केला. फ्रेडरिक लँचेस्टर या इंजिनिअरानें १९०२ सालीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. परंतु त्याच्या ब्रेकांत धातूवर धातु घासत असे. त्यामुळें तो कर्कश किंचाळे, आणि कल्पना उत्तम असूनही ती मागें पडली. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनें तबकडीचे ब्रेक लावून जिंकली, १९५५ सालीं सिट्रोएनची डीएस ही मोटार पुढच्या चाकांना असे ब्रेक घेऊन बाजारांत आली, आणि मग हळूहळू ते घरगुती मोटारींतही रूढ झाले. लँचेस्टरच्या अडचणीवरून दिसून येतें तें हें कीं, ब्रेकचा गुण केवळ त्याच्या यंत्रांत नसतो. कोणती वस्तु कोणत्या वस्तूवर कशी घासते, यांतही तो असतो.

हें घासणें दोन प्रकारचें आहे. पहिल्या प्रकारांत पॅडमधील खरखरीत कण बिडाला ओरखडतात, आणि दोन्ही झिजतात. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. योग्य उष्णता मिळाली म्हणजे पॅडमधील द्रव्याचा अत्यंत पातळ थर तबकडीवर चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनीं मोजावी लागेल. एकदां हा थर बसला कीं पॅड नुसत्या बिडावर घासत नाहीं, आपल्याच जातीच्या द्रव्यावर घासतो. दोहोंच्या कणांमध्यें क्षणोक्षणीं बंध जुळतात आणि तुटतात, आणि त्या तुटण्यांत गाडीची शक्ति खर्ची पडते. असा ब्रेक अधिक समतोल लागतो आणि तबकडीही कमी झिजते. तव्यावरचें पूट तें हेंच. फरक इतकाच कीं, तव्यावरचें पूट चिकटूं नये म्हणून असतें, आणि येथला थर उत्तम पकड यावी म्हणून असतो.

नव्या तबकडीवर हा थर मुळींच नसतो. शिवाय आणखी दोन उणिवा असतात. एक अशी कीं, नवा पॅड व नवी तबकडी डोळ्यांना सपाट दिसलीं तरी त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना पुरते टेकत नाहींत. प्रथम उंचवट्यांवरच सारा भार पडतो, आणि तेवढींच ठिकाणें फाजील तापतात. दुसरी अशी कीं, पॅडमधील राळ पहिल्यानें फार तापली म्हणजे तिच्यांतून वायु बाहेर पडतात. हे वायु पॅड व तबकडी यांच्यामध्यें कोंडले गेले तर पकड एकाएकीं ढिली पडते. पुष्कळ कारखानदार पॅड आधींच भाजून काढतात, त्यामुळें हा धोका कमी होतो. परंतु सर्वच पॅड तसे असतात असें गृहीत धरूं नये. बोरघाटांत मला आलेला वास जळणाऱ्या राळेचा होता, आणि गाडी आवरेना तीही याच कारणानें.

मग स्टिअरिंगची थरथर कशाची? अशा वेळीं ‘डिस्क वांकली’ असें म्हणण्याची चाल आहे. घरगुती मोटारींत तबकडी खरोखर वांकण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळां तिच्यावरचा थर विषम बसलेला असतो. तापलेला पॅड एकाच जागीं दाबून धरला, म्हणजे तेथें त्याच्या द्रव्याचा ठसा उमटतो. तबकडीच्या जाडींत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, फरक पडला तरी तो पेडलवर व स्टिअरिंगवर जाणवतो. पुढें ती उंच जागा दर फेऱ्याला अधिक घासली जाते, अधिक तापते आणि अधिक द्रव्य ओढून घेते. उष्णमान फारच वाढलें, सुमारें ६५० अंशांच्या वर गेलें, तर त्या जागचें बीडच पालटून कांचेसारखें कठीण होतें, आणि मग लेथवर घासूनही तो दोष पुरता जाईल याची शाश्वति राहत नाहीं.

आतां नवे ब्रेक मुरवावे कसे, तें क्रमानें सांगतों. पहिली पायरी गॅरेजमध्येंच आहे. नव्या तबकडीवर गंज चढूं नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो. तो ब्रेक धुण्याच्या द्रावणानें पुरता काढून टाकला पाहिजे. तबकडी ज्या भागावर बसते त्या भागावरचा गंज घासून काढावा, कारण तेथें राहिलेला गंजाचा एक पापुद्राही तबकडीला डुलवतो. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा हात लागूं देऊं नये. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें आणि मापाच्या पान्ह्यानें सारखे आवळावेत. जुनीच तबकडी ठेवून केवळ पॅड बदलावयाचे असतील, तर तिच्या कडेवर कोरलेली किमान जाडी पाहावी, प्रत्यक्ष जाडी मोजावी, आणि तिच्यावरील जुन्या पॅडचा थर घासून काढावा. ब्रेकची धूळ फुंकून उडवूं नये. पूर्वीं अशा पॅडांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि त्याच्या तंतूंनीं फुप्फुसाचे असाध्य रोग होतात हें सिद्ध झालेलें आहे. पॅड कोणताही असो, त्याची धूळ ओल्या फडक्यानें टिपणें हाच शहाणपणा होय.

गाडी जागेवरून हलवण्यापूर्वीं एक गोष्ट विसरूं नये. नवे जाड पॅड बसवतांना कॅलिपरमधील दट्ट्या मागें ढकललेला असतो. त्यामुळें पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातें आणि ब्रेक लागतच नाहीं. म्हणून गाडी उभी असतांनाच पेडल पुनःपुन्हां दाबून तें पायाला कठीण लागेपर्यंत थांबावें, आणि ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी. गॅरेजच्या दारांतच भिंतीवर गाडी आदळते ती या एका विस्मरणानें.

दुसरी पायरी रस्त्यावरची. पहांटेची वेळ, कोरडा, सरळ व मोकळा रस्ता निवडावा, आणि मागून कोणी येत नाहीं हें प्रत्येक वेळीं आरशांत पाहावें. ताशीं ५० किलोमीटरवरून १० वर अशी गाडी मध्यम जोरानें हळू करावी; पुरती थांबवूं नये. मग अर्धा मिनिट ब्रेक न लावतां चालवावी, म्हणजे तबकडी निवते. असें आठ-दहा वेळां करावें. नंतर, रस्ता व कायदा परवानगी देत असतील तेथें, ८० वरून २० वर असें आणखी सहा-आठ वेळां, थोड्या अधिक जोरानें; परंतु चाकें जखडण्याइतक्या जोरानें नव्हे. या वेळीं थोडा वास येईल, क्वचित् किंचित् धूरही दिसेल. त्यानें घाबरूं नये. पेडल मऊ लागलें किंवा पकड कमी झाली, तर मात्र तेथेंच आवरतें घेऊन ब्रेक निवूं द्यावेत.

तिसरी पायरी निववण्याची, आणि घाईच्या लोकांकडून हीच चुकते. शेवटचा ब्रेक लावून झाल्यावर सुमारें दहा मिनिटें, होतां होईल तों ब्रेकला न शिवतां, गाडी सावकाश चालवीत राहावी. तापलेल्या ब्रेकांनिशीं थांबून पेडल दाबून धरूं नये; धरलें तर तेथेंच पॅडचा ठसा उमटतो. तबकडीवर पाणीही मारूं नये. पुरतें निवल्यावर तबकडीकडे पाहावें. तिच्यावर सर्वत्र सारखी करडी-निळसर झांक आली असेल तर काम साधलें.

यांत मतभेद नाहींत असें नव्हे. कांहीं कारखानदार ताशीं सुमारें ५० किलोमीटरवरून तीस वेळां सौम्यपणें, मध्यें तीस सेकंदांचें अंतर ठेवून थांबावयास सांगतात. कारण पॅडचीं मिश्रणें निरनिराळीं असतात आणि त्यांना लागणारी उष्णताही निरनिराळी असते. म्हणून पॅडच्या पेटींत कारखानदाराचा सूचनांचा कागद असल्यास तोच प्रमाण मानावा. मुंबई-पुण्याच्या गर्दींत यांतलें कांहींच जमण्यासारखें नसेल, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. पहिले तीनशें किलोमीटर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावें, ब्रेक लवकर व हलक्या पायानें लावावेत, आणि गाडी ओझ्यानें भरूं नये. थर सावकाश बसेल, पण बसेल. अर्थात् एखादें मूल रस्त्यांत धांवून आलें तर ब्रेक नवे आहेत म्हणून पाय आखडूं नये. तेव्हां सर्व बळानें पेडल दाबावें. तबकडी पुन्हां आणतां येते.

पुष्कळ मोटारींच्या मागच्या चाकांत अजूनही ढोलाचे ब्रेक असतात. त्यांचे नवे लायनर ढोलाच्या गोलाईशीं जुळून येण्यासही असाच वेळ लागतो. विजेच्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथें हलकें थांबवण्याचें काम बहुतांशीं मोटरच करते आणि शक्ति बॅटरींत परत घालते. पॅड तबकडीला क्वचितच शिवतात. म्हणून अशा गाडींत नवे ब्रेक मुरवतांना, सोय असल्यास, शक्ति परत घेण्याची योजना सर्वांत कमी मात्रेवर ठेवावी; नाहीं तर आपण ब्रेक मुरवीत आहों असें वाटतें, आणि पॅड मात्र कोरेच राहतात.

घाटाविषयीं दोन शब्द सांगून संपवतों. नवे ब्रेक घातल्यावर पहिल्या तीनशें किलोमीटरांत मोठा घाट उतरण्याचा प्रसंग आणूं नये. प्रवास ठरला असेल तर ब्रेकचें काम आठवडाभर आधीं उरकावें. आणि ब्रेक नवे असोत वा जुने, घाट ज्या गिअरांत चढावा लागला असता त्याच गिअरांत तो उतरावा. इंजिनाला आपला वाटा उचलूं दिला म्हणजे ब्रेकांचा वाटा हलका होतो. पाय पेडलवर सारखा टेकवून ठेवण्यापेक्षां थोडा वेळ नीट दाबावें, वेग उतरवावा आणि सोडून द्यावें, म्हणजे तबकडीला निवण्यास अवसर मिळतो.

माझ्या तबकड्यांना पुरेशी जाडी शिल्लक होती, म्हणून त्या कारागिरानें त्या लेथवर किंचित् घासून घेतल्या आणि नवे पॅड घातले. दुसऱ्या दिवशीं पहांटे तो शेजारीं बसला आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वर सांगितलेला सर्व विधि त्यानें माझ्याकडून करून घेतला. तासाभराचें काम, थरथर गेली ती गेलीच. घरीं येऊन ही सारी हकीकत मीं आईला मोठ्या उत्साहानें सांगितली. तिनें ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, “एवढंच ना? अरे, तव्याचं तर मीसुद्धां सांगितलं असतं.”